गळतीखालचा दगड

आमच्या घरात कोणी कोणावर चटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. शेजारून वाटीभर लाखोळीचं वरण आलं, तर माय आधी ते हुंगायची, मग त्यात बुडवलेला चिमूटभर भात मांजरीपुढे टाकायची आणि मांजर धडधाकट फिरताना दिसली की मगच वाटी आमच्या ताटांपाशी यायची. बा तर दगडावरही विश्वास ठेवत नसे. आमचं घर पाथरवटाचं. खाणीतून आलेला प्रत्येक दगड तो आधी वाजवून बघायचा. हातोडीची हलकी टिचकी मारायची आणि कान लावायचा. दगड खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर पोटात कुठेतरी चीर आहे, असं समजून तो त्याला पायाने बाजूला लोटायचा, आणि लोटताना त्या दगडाला दोन शिव्याही द्यायचा. मी आता ऐंशीच्या घरात आहे आणि दूधवाल्याचं दूध अजून बोटावर थेंब घेऊन तपासतो. नातू हसतो. हसू दे बापडा. हा संशय आमच्या घरातून काय घेऊन गेला, ते त्याला ठाऊक नाही. मलाही ते आजवर कोणाला सांगता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमच्या गावचा तलाव जुना, तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीच्या कुठल्याशा पूर्वजांनी बांधलेला. त्याच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटातून धानाच्या शेतांत पाणी सोडायचं जे तोंड असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते लाकडाचं होतं आणि कुजून गेलं होतं. मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, ते दगडात बांधायला काढलं, आणि त्यासाठी दोन कोसांवरच्या टेकडीतून पांढरा गारेचा दगड आणला. इतका टणक की टाकी मारली की ठिणगी उडायची. पाळीखाली बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला होता. उन्हाळ्याचा तापलेला वारा आत येऊ नये म्हणून तो तीन बाजूंनी बंद. त्यात आम्ही सहा जण बसायचो: बा, माझा थोरला भाऊ श्रावण, मी, आणि आमचे तीन भाऊबंद. मला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. सकाळपासून सहा टाक्यांचा टणटणाट चालायचा. तट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत यायच्या आणि त्या पट्ट्यांत पांढरी धूळ वर-खाली तरंगत राहायची, दुपारच्या भाकरीलाही ती खाली बसायची नाही. आमच्या भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. घरी गेलो की माय म्हणायची, "आले माझे म्हातारे," आणि हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळाने घशातली धूळ खाली जाते, पोटात गेली की निभावली, हा आमच्या धंद्याचा ठाम समज होता. मग ती आमची धोतरं अंगणात झटकायची, पडलेली भुकटी फडक्यातून चाळून डब्यात भरायची. तिच्यासारखी बारीक रांगोळी गावात कोणाची नव्हती, याचा तिला फार तोरा होता.

आमच्या घरातली माणसं खोकून मरायची. आजा तसा गेला, मोठेबाबा तसे गेले. हाडांवर कातडी राहायची, चार पावलं चालले की दम लागायचा, आणि एक दिवस संपायचं. यात धुळीचा काही संबंध असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. कोणीतरी आमच्या घराण्यावर करणी केली आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कोणी केली, यावर मात्र दर पिढीत नवा माणूस सापडायचा. त्या उन्हाळ्यात श्रावण खोकायला लागला. श्रावण म्हणजे आमच्या घरातलं एकमेव हसरं तोंड. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या खेळात, तो गायचा. त्याचा आवाज पाळीच्या या टोकावरून त्या टोकाला जायचा आणि पलीकडच्या गावची माणसंही त्याच्यासाठी यायची. त्या वर्षी होळीच्या दंडारीत तो अर्ध्यातच थांबला, हसला, घशाला हात लावला आणि झांजा दुसऱ्याच्या हाती देऊन खाली बसला. माय गर्दीत होती. तिने लगेच आजूबाजूला कोण कोण उभं आहे ते पाहून घेतलं.

बुधराम आला तो त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. छत्तीसगडकडचा पाथरवट, पन्नाशीचा, काटकुळा, बोलायला कमी. मालगुजाराच्या मुकादमाने त्याला कुठूनसा शोधून आणलं होतं. तुडमाच्या गळ्याचे दगड एकमेकांना असे चिकटून बसायला हवे होते की मधून सुईसुद्धा जाऊ नये, आणि तसे दगड हा घडवतो, असं मुकादम म्हणाला. बाला हा मोठाच अपमान वाटला. पण खरी चुळबुळ पुढेच होती. मांडवात त्याच्यासाठी जागा केली होती. तो आत डोकावला, उन्हाच्या पट्ट्यांतली ती धूळ त्याने पाहिली आणि मान हलवून बाहेर गेला. तीस-चाळीस पावलांवर, उघड्यावर, पळसाच्या विरळ सावलीत त्याने बैठक मांडली. चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि वाऱ्याकडे पाठ करून बसला. तीन काठ्यांची तिकाटी उभी केली, तिला मडकं टांगलं, मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात गवताची वात सारली. खाली दगड ठेवला. थेंब थेंब पाणी दगडावर पडायला लागलं. मग त्याने गमछा भिजवून नाकातोंडाला बांधला आणि काहीतरी पुटपुटत टाकी उचलली.

आम्ही सहाही जण हातातलं काम टाकून बघत राहिलो. कारण आम्ही हे याआधी एकाच ठिकाणी पाहिलं होतं: महादेवाच्या पिंडीवर. उन्हाळ्यात पिंडीवर गळती टांगतात, देव थंड राहावा म्हणून. शिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडाच्या महादेवाला जाणारी माणसं आम्ही, गळती ओळखणार नाही तर कोण? हा परका माणूस तुडमाच्या दगडावर गळती लावतो, तोंड झाकून मंत्र म्हणतो, हे बघून बाच्या मनात जी पाल चुकचुकली ती मग थांबलीच नाही. त्यातून आमच्याकडे जुन्या माणसांचं म्हणणं असं की तलावाचं तुडूम माणूस मागतं, बळी घेतल्याशिवाय पाणी धरत नाही. मालगुजाराने याला दगडांसाठी आणलं की आणखी कशासाठी?

"ओला गोटा मुका असते," बा त्या दिवशी जेवताना म्हणाला. "वाजवाल तं आवाज नाई. चीर असली तं दिसत नाई. मुका गोटा घडवनाऱ्याच्या मनात का हाये, कोनाले मालूम?"

"एवढ्या दूर कायले आला तो?" माय म्हणाली. "त्याच्या गावात गोटे नाईत का? अना आमचा श्रावण खोकलून राहिला तेव्हाच बरा आला!"

श्रावण भात कालवत म्हणाला, "माय, मी होळीपासून खोकलून राहिलो. तो तं आता आला."

"मानूस मागून येते. करनी पयले येते," माय म्हणाली, आणि विषय संपला. आमच्या घरात अशा वाक्यापुढे कोणाचं चालत नसे.

दुसऱ्या दिवशी बाने मला पाळीवर नेलं आणि हुकूम सोडला. "तू त्याच्याजवर बस. कारीगरी शिकाची हाये म्हन. त्याच्या हातावर ध्यान ठेव, तोंडावर ध्यान ठेव. सांजच्याले मले सांगजो." असा मी हेर झालो. तीन आठवडे मी बुधरामच्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून, गळतीखालच्या दगडावर टाकी चालवली. सुरुवातीला मला धड जमेना. ओल्या दगडावरून टाकी घसरायची, आणि बाने शिकवलेला कान इथे कामाला येत नव्हता. बुधराम दगड वाजवून नाही, तळहाताने चाचपून ओळखायचा. त्याचं पुटपुटणं मी कान देऊन ऐकलं. मंत्र वगैरे नव्हता. तो टाकीचे घाव मोजायचा, चाळीस झाले की ओळ बदलायचा. मी हे बाला सांगितलं. बा म्हणाला, "तुले ऐकू यावा म्हनून तसा म्हनते तो." तो गूळ खात नाही, हेही सांगितलं. बाने मान डोलावली, जणू हाच पुरावा हवा होता. त्याच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी असते आणि तो मलाही देतो, हे मात्र मी लपवलं, कारण मी ती खात होतो.

परवाच माझ्या घरासमोर नवं घर बांधायला घेतलं. फरशी कापायचं यंत्र सुरू झालं आणि पांढरा लोट थेट माझ्या खाटेवर आला. मी काठी टेकत गेलो आणि त्या पोरांना म्हटलं, पाण्याची नळी लावा, धार सोडून कापा, तोंडाला काही बांधा. त्यातला एकजण माझ्याकडे खालून वर बघत म्हणाला, "काऊन बाबा? ओल्यात रेघ दिसत नाई. अना तुमचा का जाते?" मला त्याच्या डोळ्यांत आमचं सगळं घर दिसलं. मी नळी स्वतःच उचलली आणि तो फरशी कापत होता तोवर धरून उभा राहिलो. पोरं आपसांत म्हणत होती की म्हातारा काहीतरी घेतल्याशिवाय जायचा नाही.

तर तीन आठवडे झाले तरी माझ्या हाती काही लागेना. आणि रोज रिकाम्या हाताने घरी जाण्याचा परिणाम असा झाला की बा माझ्यावरच संशय घ्यायला लागला. "यालेही पाजला का काई त्यानं?" असं तो मायला म्हणाल्याचं मी कानांनी ऐकलं. मला फार लागलं ते. त्याच दिवसांत श्रावणाचा खोकला वाढला होता. तट्ट्यांच्या आतून तो ऐकू यायचा आणि बुधरामची टाकी दर वेळी थांबायची. एका दुपारी त्याने नाकावरचा गमछा खाली ओढला आणि मांडवाकडे बोट केलं. मडक्यातून दगडावर थेंब पडत होते. तो म्हणाला, "तेरा भाई है न वो? उसको कल से इधर भेज दे, मेरे बाजू में. ये सफेद धुर्रा है न बेटा, आदमी को भीतर से पीसता है. मेरा बाप गया, दो भाई गए. मैं उस दिन से सूखा पत्थर नहीं काटता. अभी उमर है उसकी, बच जाएगा."

शब्द न शब्द आठवतो मला. तेव्हाही आठवत होता. संध्याकाळी बाने विचारलं, "का म्हनला आज?" माय चुलीवर झिंगे परतत होती, तिचाही हात थांबला. श्रावण बाहेर खाटेवर होता. मी म्हटलं, "तो म्हनला, श्रावणाले उद्यापासून माझ्याजवर पाठव."

एवढंच. पुढचं मी बोललो नाही. धुळीचं ते बोलणं मला तेव्हा निव्वळ बहाणा वाटलं होतं, हे खरं. पण याहून खरं हे की शेवटी एकदा माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं, आणि बाच्या तोंडावर माझ्याबद्दलचा विश्वास परत येताना मला दिसत होता. पुढचं अर्धं सांगितलं असतं तर तो आला तसा गेला असता. या गोष्टीची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मायच्या हातातला झारा खाली पडला. "पोराले मागून राहिला तो," ती म्हणाली. "तुडमासाठी मागून राहिला."

सकाळी बा आणि तिघं भाऊबंद सरळ पळसाखाली गेले. बाने हातोडीच्या एका घावात मडकं फोडलं. पाणी दगडावरून ओघळून मातीत गेलं. मुकादम धावत आला, ओरडला, पण बाने त्याला स्पष्ट सांगितलं, "हा राहते तं आमी नाई राहत." मुकादमाने मनातल्या मनात आमच्या सहा टाक्या एका बाजूला धरल्या आणि एक दुसऱ्या बाजूला, आणि बुधरामला जायला सांगितलं. बुधरामने तिकाटी उतरवून ठेवली. त्याला वाटलं असेल की मी घरी त्याचं सगळं बोलणं सांगितलं आणि तरीही यांना पटलं नाही. त्याने टाक्या फडक्यात बांधल्या आणि जाता जाता मांडवापाशी थांबला. श्रावण तट्ट्याला धरून उभा होता. बुधरामने गळ्यातला ओला गमछा काढून त्याच्या हातात दिला, स्वतःच्या नाकातोंडावर हात ठेवून बांधायची खूण केली आणि पाळ चढून निघून गेला. श्रावण तो गमछा घेऊन घरी आला. मायने काठीच्या टोकावर तो उचलला, अंगणात गोवऱ्या पेटवल्या आणि त्यावर टाकला. ओला असल्यामुळे तो लवकर जळेना, नुसता धुमसत राहिला. माय तिथून हलली नाही.

मला वाटलं होतं, आता मी मांडवात परत जाईन. पण बा म्हणाला, "तीन हप्ते त्याच्या पान्याचे शिंतोडे घेतले यानं. याले आत घेऊ नका. बाहेरच बसू द्या." मग मी तिथेच पळसाखाली एकटा बसायला लागलो. त्या उन्हाळ्यातही आणि पुढची कामं आली तेव्हाही. ती शिक्षा होती, आणि मला ती शिक्षाच वाटायची. आतून त्यांच्या गप्पा, श्रावणाची थट्टा ऐकू यायची आणि मी बाहेर उन्हात. बाचं लक्ष नसलं की मी लोट्याने दगडावर पाणी शिंपडायचो. त्यात काही शहाणपण नव्हतं. ओल्या दगडाची धूळ डोळ्यांत जात नाही, एवढंच मला कळलं होतं. तुडूम बसवलं त्या दिवशी बुधरामने घडवलेला दगड उचलायची वेळ आली. तो कधीच वाळला होता. बाने सवयीने त्यावर टिचकी मारली. दगड असा खणखणीत वाजला की सगळ्यांनी वळून पाहिलं. बाने आणखी दोनदा मारून पाहिली, मग दोरखंड बांधायला घेतला. तुडमाने पाणी धरलं. आजही त्या गळ्यातून थेंब गळत नाही.

श्रावण त्यानंतर दोन पावसाळे काढून तिसऱ्याला अंथरुणाला खिळला. बाही तोवर खोकायला लागला होता. एका दुपारी माय आंबील गाळायला आत गेली होती आणि मी श्रावणाला भिंतीला टेकवून बसवत होतो. त्याचं वजन राहिलं नव्हतं. त्याने माझं मनगट धरलं. एकेक शब्दाला थांबत तो म्हणाला, "लहान्या, त्यानं मले नुसता मांगला नव्हता. आखीन काई म्हनला होता. त्यानं मले खूण केली होती. पुरं सांग."

मी पुरं सांगितलं. धुर्रा, त्याचा बाप, त्याचे दोन भाऊ, आणि "बच जाएगा" हेसुद्धा. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. मला वाटलं, तो मला शिवी देईल. त्याने द्यायला हवी होती. तो बराच वेळ नुसता श्वास गोळा करत राहिला. आतून मायच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मायले नको सांगू. तिनं तो गमछा आपल्या हातानं जाळला हाये."

मी शब्द दिला. श्रावण गेला, वर्षभराने बा गेला, मग एकामागून एक ते तिघं भाऊबंदही गेले. त्या मांडवातल्या सहा जणांपैकी मी एकटा उरलो. माय पुष्कळ जगली. रोज सकाळी अंगणात तीच पांढरी रांगोळी घालताना ती त्या गळतीवाल्याला शिव्या द्यायची, त्याचा वंश बुडो म्हणायची. मी उंबऱ्यावर बसून ऐकायचो. कितीदा जिभेच्या टोकाशी आलं होतं. प्रत्येक वेळी श्रावणाचा तो श्वास आठवायचा आणि मी मूग गिळून बसायचो.

तिच्या अखेरच्या दिवसांत मीच तिला भरवायचो. एका सकाळी पेजेची वाटी घेऊन तिच्याजवळ बसलो, तर ती माझ्याकडे एकटक बघत होती. "बाकी सारे गेले," ती म्हणाली. "तू त्याच्याजवर तीन हप्ते बसला होता. तूच कसा वाचला?"

उत्तर माझ्यापाशी होतं, आणि ते देता येत नव्हतं. मी म्हटलं, "पेज घे माय, थंडी होऊन राहिली."

तिने माझ्या हातातून वाटी घेतली, नाकाजवळ नेऊन हुंगली, आणि दोन बोटं पेजेत बुडवून खाटेखालच्या मांजरीपुढे धरली.